काळ्या झग्याचा पाहुणा

दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक छोटं लोखंडी दार होतं. कंपनीने ते पाण्याचा मीटर बघण्यासाठी ठेवलं होतं, पण मीटर बघायला कधी कुणी फिरकलं नाही. त्या दारातून आजवर ये-जा झाली ती वाट्यांची. विभावरीकडून शरफुन्निसाकडे आमटी गेली, शरफुन्निसाकडून विभावरीकडे कोलंबीचं कालवण आलं, आणि दोन्ही स्वयंपाकघरांतल्या वाट्या अशा मिसळल्या की कुठली कुणाची हे विचारणंच संपलं.

नव्वदच्या ऑक्टोबरात, सौदीतल्या हुफूफमध्ये, एका दुपारी, त्याच दारातून बायकांचा एक जुना, काळा, पायघोळ अबाया आला.

"कशाला गो हवाय?" शरफुन्निसाने तो अर्धा हातात धरून ठेवला. "तुझा स्वतःचा आहे की."

"तो बाजारात जायला लागतो. हा कापायला, टाचायला हवाय. संकासुर करतेय मी."

शरफुन्निसाने भुवया वर नेल्या आणि मग ती हसायला लागली. "हुफूफात संकासुर. इथं वाळूत कोण घाबरणार त्याला?"

"तू घाबरायचीस."

"मी लहान होते. आणि तू तर शेजारणीच्या माच्याखाली शिरायचीस, सांगितलं होतंस तू."

दोघी एकाच खाडीच्या. विभावरी गुहागरच्या अंगाची, शरफुन्निसा पलीकडच्या काठाची. शिमग्यात खेळे निघाले की सगळ्यात पुढे संकासुर असायचा. पायघोळ काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती काळी टोपी तोंडावरून खाली आलेली, पांढरी दाढी, लालभडक जीभ, कमरेला घुंगरं. ती घुंगरं पोचायची आधी आणि तो नंतर, म्हणून भीतीला वाट पाहायला वेळ मिळायचा. होडीतून तो पलीकडे जायचा, तेव्हा शरफुन्निसाची नानीसुद्धा मोहल्ल्याच्या तोंडाशी नारळ घेऊन उभी राहायची. नारळ मिळाला की तो वळायचा. मग पोरंच त्याच्या मागे लागायची.

आता इथे कंपाउंडच्या भिंतीआड, बाहेरच्यांना कळू न देता, गोऱ्या लोकांचा भुतांचा सण होणार होता. समोरच्या लॉरेन मॅडमने गल्लीतल्या घराघरात जाऊन सांगितलं होतं की यंदा मुलं फार धास्तावली आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपल्या व्हरांड्यात काहीतरी भुताटकीचं लावावं. भीतीदायक, पण गोड. केशरी भोपळे यंदा आले नव्हते, म्हणून तिने पिवळी खरबुजं कोरून त्यांना दात पाडले होते. तिच्या दाराशी पुठ्ठ्याचा सांगाडा हात हलवत होता.

"हसतोय गो तो," विभावरी म्हणाली. "हसणारं भूत कसलं? शेजारी राहायला आल्यासारखं दिसतंय."

"असू दे की हसरं. दिवस काय चाललेत बघ. मी तर कागदाच्या चांदण्या लावणार."

दिवस खरंच तसे होते. उत्तरेला कुवेत गिळून बसलेली इराकी फौज होती. काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या पडल्या होत्या आणि कपाटात, गोधडीशेजारी, पुठ्ठ्याच्या खोक्यात विषारी वायूसाठीचे मास्क होते. गल्लीतली निम्मी घरं रिकामी झाली होती. उरलेल्यांना कंपनीने राहू दिलं होतं, पण एक गोष्ट बजावून: ज्या घराची कसलीही तक्रार येईल, त्या घरातली बायकामुलं पुढच्या विमानाने परत. माणूस मात्र प्लांटवर राहील.

विभावरीच्या काळजात ते शेवटचं वाक्य काट्यासारखं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं चंद्रशेखर कॅम्पातल्या खोलीत आणि ती गुहागरात. त्याचा आवाज कॅसेटमध्ये भरून यायचा. तो खोकला तरी ती टेप मागे घेऊन पुन्हा ऐकायची. फॅमिली व्हिसा मिळाला, आता कुठे त्याच्या डब्यात तिच्या हातची पोळी जात होती. लढाई येवो, नाहीतर आणखी काही. त्याला इथे एकट्याला सोडून ती विमानात बसणार नव्हती.

*

संकासुर दोन दुपारींत उभा राहिला. अबायाच्या पोटात जुन्या गादीचा स्पंज गेला. चंद्रशेखरने प्लांटवरून आणलेल्या जाड काळ्या प्लास्टिकची टोपी झाली. दाढी कापसाची, जीभ लाल साटीनची. घुंगरं कुठून आणणार, म्हणून त्याच्याच हत्यारांच्या डब्यातले पितळी वॉशर दोऱ्यात ओवले आणि कमरेशी आतून टाचले. टाचताना तिच्या ओठांवर ओवी आली, आपोआप, जशी सुईमागून दोरा येतो:

*काळ्या झग्याचा पाहुणा, उभा माझ्या दारावरी,*
*घेतो नारळ हातात, भीती नेतो खाडीपारी.*

"आई, ये क्या गा रही हो?" स्वप्नालीने विचारलं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र शाळेच्या हिंदीत यायचं.

"त्याला झोपवतेय. दोरी धर."

व्हरांड्याच्या आढ्याला हूक होता, त्यात दोरी घालून त्यांनी तो वर घेतला. पाय नसलेला, वाऱ्याबरोबर किंचित फिरणारा. दुसरी एक बारीक दोरी ओढली की वॉशर वाजायचे. ऐकून विभावरीच्या पाठीतून जुना, ओळखीचा शहारा गेला आणि तिला बरं वाटलं. ही भीती तिच्या हातातली होती. दोरी सोडली की थांबायची.

शरफुन्निसा लोखंडी दारातून आली ती चांदण्यांची माळ हातात घेऊन. वर बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"उतरव तो."

"का गो? घाबरलीस ना."

"उतरव विभा. बाहेर रस्त्यावरून काय दिसेल त्याचा विचार कर."

"संकासुर दिसेल."

"तुला. मला." शरफुन्निसा फाटकाकडे बघत म्हणाली. "बाकी कुणाला नाय."

विभावरीला त्यातलं 'बाकी कुणाला' नीट कानावर पडलंच नाही. तिने दोन दुपारी बोटं टोचून घेतली होती. "तुला आमचं शिमग्याचं सोंग दारात नको असेल तर तसं सांग. तुम्हा चांदण्या लावणाऱ्यांना हे नाहीच आवडणार."

असलं वाक्य त्या दारातून कधी गेलं नव्हतं. माळेतली एक चांदणी शरफुन्निसाच्या मुठीत चुरगळली होती.

"बरं," ती म्हणाली. "तुझं तू बघ." आणि दार ओढून घेतलं. त्याला कडी होती हे विभावरीला त्या दिवशी कळलं. पलीकडून ती लागल्याचा आवाज आला.

*

संध्याकाळी मुलं पिशव्या घेऊन आली. स्वप्नालीने दोरी ओढली, वॉशर वाजले, आणि पोरं किंचाळत फाटकापर्यंत पळाली, पुन्हा आली, पुन्हा पळाली. अगदी खाडीकाठच्यासारखी. विभावरी चॉकलेटं वाटत होती. तेवढ्यात लॉरेन मॅडम पुढे आली. तिने वर पाहिलं, आणि तोंडावरचं हसू तसंच ठेवून हळूच विचारलं की ही बाई कोण आहे, आणि तिला फाशी का दिलंय.

"नो बाई, मॅडम. डेमन. अवर व्हिलेज डेमन."

"ओह," मॅडम म्हणाली. "अ लिटल टू मच फॉर मी." आणि आपल्या मुलांना घेऊन गेली.

तेव्हा विभावरीने पहिल्यांदा फाटकात जाऊन, रस्त्यावर उभं राहून, आपल्या व्हरांड्याकडे पाहिलं. उजेड जात होता. दाढी वाऱ्याने झग्याच्या चुणीत दबली होती, टोपीही अंधारात विरली होती. दिसत होता तो फक्त अबाया. दोरीला लटकलेला, फिरणारा, आणि त्याच्या वरच्या टोकाशी काहीतरी लाल.

या गावात बाजारात जाणारी प्रत्येक बाई त्याच कपड्यात होती.

सिक्युरिटीची जीप कोपऱ्यावरून वळून हळूहळू आली. फाटकापाशी जरा जास्तच हळू झाली. आतला माणूस उतरला नाही, फक्त बघत राहिला. मग जीप पुढे गेली.

विभावरी आत आली आणि तिने चंद्रशेखरला दोरी सोडायला सांगितलं. हुकात आवळून बसलेली गाठ सुटेना. "सकाळी कापतो पकडीने," तो म्हणाला. "आता गल्लीभर लोक आहेत. लगबगीने उतरवलं तर जास्तच दिसेल." तिला ते पटलं, आणि पटल्याचा तिला राग आला.

*

सकाळी चहा टाकायच्या आधी ती व्हरांड्यात गेली. हुकाला दोरी होती. दोरीला काही नव्हतं.

टोक कात्रीने कापल्यासारखं साफ होतं. खाली फरशीवर कापसाचा एक पुंजका होता, आणि त्याच्या पुढे, लोखंडी दाराच्या उंबऱ्याशी, एक पितळी वॉशर. दार पुन्हा लावलेलं होतं. पलीकडून.

तेवढ्यात फोन वाजला. चंद्रशेखरने घेतला, दोनदा "यस सर" म्हटलं आणि रिसीव्हर ठेवून बसून राहिला. गुरुवारची सुट्टी असूनही प्लांट चालू होता आणि तो निघायच्या बेतात होता, पण बूट घालायचं तो विसरला.

"सिक्युरिटीचा अबू फहद येतोय. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर. म्हणाला, इथल्या बायकांची थट्टा करायला कुणीतरी अबाया फासावर चढवलाय असं त्याच्याकडे आलंय."

"कुणी सांगितलं?"

"ते काही बोलला नाही."

"तो नाहीये," विभावरी म्हणाली. "संकासुर. दोरी कापून नेलाय."

चंद्रशेखर व्हरांड्यात जाऊन आला. त्याने वॉशर उचलून तळहातावर घेतला आणि लोखंडी दाराकडे पाहिलं.

"तिचा अबाया आहे," तो म्हणाला. "उद्या कुणी विचारलं असतं हा कुणाचा, तर तिच्या नवऱ्याचं, जमालुद्दीनचं नाव आलं असतं. आधीच सिक्युरिटीच्या ऑफिसात नेऊन दिला तर निदान ते सुटतात. मी त्याच्या जागी असतो तर... माहीत नाही मी काय केलं असतं."

"शरफू तसं करणार नाही."

तिने हे म्हटलं खरं, पण म्हणताना तिचे कान भिंतीला लागले होते.

तो दिवस तिने कानांनी काढला. भिंतीपलीकडे शिलाई मशीन चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. नळ बराच वेळ वाहिला. जमालुद्दीनची पिकअप दुपारची कधी घरी येत नसे, ती आली. मागचं फळकं पडल्याचा आवाज झाला, काहीतरी टाकलं गेलं, आणि पिकअप निघून गेली. विभावरी धावत फाटकाशी गेली तोवर कोपऱ्यावर फक्त धूळ होती. त्या पिकअपमध्ये काय होतं? ती कुठल्या बाजूला वळली, ऑफिसच्या?

तिने लोखंडी दार वाजवलं. "शरफू." पलीकडे मशीन थांबलं. मग मशीन पुन्हा सुरू झालं.

समोर लॉरेन मॅडम पुठ्ठ्याचा सांगाडा घडी करत होती. तिने हात केला. विभावरीनेही केला, आणि मनात म्हणाली, तूच असशील. मग शेजारच्या रिकाम्या घराच्या पडद्याकडे बघून वाटलं, कुणास ठाऊक तिथे कोण असेल. पाणी द्यायला येणाऱ्या माळ्याने रोजच्यासारखी मान तुकवली, तर त्या तुकवण्यातही तिला काही दडलेलं दिसलं. पण सगळ्यांवरून फिरून मन पुन्हा त्या दारापाशीच यायचं. वाट्या जायच्या तिथून. कोलंबी यायची. स्वप्नालीला गोवर आला तेव्हा रात्रीच्या रात्री ती बाई याच दारातून आली होती.

कपाटात, देवाच्या छोट्या फोटोपुढे, गावाहून आणलेला नारळ होता. विभावरी त्याच्याकडे बघत बसली. विमानात नारळ कुठे ठेवायचा, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला कळलं की आपण सामान बांधायला लागलोय.

*

अबू फहद आला तो जाडजूड, दमलेला माणूस होता. कित्येक आठवडे झोप न मिळाल्यासारखे डोळे. चंद्रशेखरचं मोडकंतोडकं अरबी आणि त्याचं मोडकंतोडकं हिंदी मध्यावर भेटत होतं. त्याने व्हरांड्यातली दोरी बोटाने हलवून पाहिली.

"वेन?" कुठे आहे ते?

चंद्रशेखरने विभावरीकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. आणि तिचा आवाज असा फुटला, त्यात दिवसभराचं न कळणं असं भरून आलं, की अबू फहद तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या कामात खोटं बोलणारे त्याला रोज भेटत असतील. हे तसं नव्हतं.

"तुम लटकाया? अबाया?"

ती तोंड उघडणार तोच लोखंडी दाराची कडी निघाली.

शरफुन्निसा आत आली. डोक्यावरून रुमाल, हातात झाकलेलं ताट, आणि अंगावर तो अबाया. तोच. कोपरापाशी उसवलेलं होतं तिथे नवी शिलाई होती. कापलेला गळा पुन्हा जोडला होता. नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखा तो तिच्या पायांशी सरळ पडत होता. तिने सलाम केला आणि अरबीत बोलायला लागली. तिचं अरबी बाजारातलं असलं तरी न अडखळणारं होतं. शब्द विभावरीला कळत नव्हते, पण हात कळत होते. हा माझा, धुतला, आमच्या अंगणात ऊन येत नाही, म्हणून हिच्या दोरीवर वाळत घातला. लाल? मुलांनी रिबन बांधली, त्यांचा खेळ होता.

ती एक पाऊल पुढे आली आणि खळकन आवाज झाला.

अगदी बारीक. झग्याच्या आत कुठेतरी, अस्तरात अडकलेला एक पितळी वॉशर दुसऱ्यावर आपटला होता. विभावरीच्या पाठीतून तो शहारा गेला, खाडीकाठचा. चंद्रशेखरने मान खाली घातली.

अबू फहदनेही ऐकलं होतं. त्याने त्या बाईच्या पायांशी पाहिलं, तिथून वर, बाहीवर चिकटलेल्या कापसाच्या एका तंतूपर्यंत.

"मफातीह," शरफुन्निसा शांतपणे म्हणाली. किल्ल्या.

त्याने एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा काचेवरच्या चिकटपट्टीच्या फुलीकडे, एकदा विभावरीच्या चेहऱ्याकडे. मग ताटावरचं फडकं उचललं. आत तांदळाच्या वड्या होत्या. त्याने एक घेतली.

"इधर कुछ नहीं लटकाना," तो चंद्रशेखरला म्हणाला. "कपडा भी नहीं. अंदर सुखाओ. मेरा आदमी गश्त में देखा, तो मुझे आना पड़ता है. खलास?"

"खलास," चंद्रशेखर म्हणाला.

*

जीप गेल्यावरही ती तिघं तशीच उभी होती. कुणी तक्रार केलीच नव्हती. जीपमधल्याने पाहिलं होतं, एवढंच. दिवसभर विभावरीने गल्लीतल्या एकेका चेहऱ्याला जे चिकटवलं होतं, ते आता एकेक करून काढायला हवं होतं, आणि ते सोपं नव्हतं.

"मी दार वाजवलं," ती शेवटी म्हणाली. "तू उघडलं नाहीस."

"उघडलं असतं तर तुला कळलं असतं कुठे हाय तो. मग त्याने विचारल्यावर तू 'माहीत नाय' म्हणाली असतीस, नि तुझं तोंड सगळं सांगून मोकळं झालं असतं. तुला कधी जमलंय खोटं? मीठ जास्त पडलं तरी तुझ्या कपाळावर दिसतं." शरफुन्निसाने रुमाल सैल केला. "काल जीप हळू झालेली बघितली, नि पहाटेच कापला. स्पंज, टोपी, सगळं जमालने पिकअपमधून कचऱ्यात नेलं. शिवायला मात्र दिवस गेला. किती बारीक टाचतेस गो, उसवता उसवत नव्हतं."

"काल मी बोलले ते..."

"बोललीस." तिने ते पुसून टाकलं नाही. "नि आज काय वाटलं? मीच सांगितलं असेल, असंच ना?"

विभावरीने खाली पाहिलं. शरफुन्निसाला उत्तर मिळालं. ती भिंतीकडे वळली, ताट तिथेच कट्ट्यावर ठेवून. चालताना झग्यातून पुन्हा ते खळकन वाजलं.

"थांब," विभावरी म्हणाली.

ती आत गेली, कपाट उघडलं आणि नारळ घेऊन आली. गावाकडच्या लाल मातीचा डाग अजून त्याच्या शेंडीला होता. तिने तो दोन्ही हातांनी पुढे धरला.

शरफुन्निसा बघत राहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण पुरतं हसू आलं नाही.

"मी काय संकासुर?"

"झगा तर घातलायस. घुंगरंपण वाजतायत."

"आणि घेऊन वळून जाऊ म्हणतेस."

"नाही. तो जायचा. तू घे आणि बस."

शरफुन्निसाने नारळ घेतला, कानाशी नेऊन हलवला. आत पाणी होतं. एवढ्या लांबून येऊन, एवढे महिने कपाटात राहून, अजून होतं. ती कट्ट्यावर बसली. विभावरी तिच्याजवळ जमिनीवर बसली, झग्याचा काठ मांडीवर घेतला आणि अस्तरात अडकलेले वॉशर बोटांनी चाचपू लागली.

"सुई आण आधी," शरफुन्निसा म्हणाली. "ओढू नको. आता हाच एक धड अबाया उरलाय मला, रोजचा कालच फाटला."

मधलं दार उघडंच होतं.